शुभेच्छांची फाईल

नृसिंह टोकेकर हे नगरच्या ‘विजयधारा पंप कंपनी’त पत्रव्यवहार विभागाचे प्रमुख होते. विभागात ते एकटेच असल्यामुळे त्यांच्या प्रमुखपणाबद्दल कधी वाद झाला नाही. सकाळी साडेनऊला ते सायकलवरून येत, पायजम्याला लावलेल्या क्लिपा काढून ड्रॉवरमध्ये ठेवत आणि संध्याकाळी साडेपाचपर्यंत ‘आपले पत्र पोहोचले, मजकूर समजला’ या वाक्याने सुरू होणारी पत्रे लिहीत. मजकूर बहुतेक वेळा एवढाच असे, की पंप पाणी ओढत नाही. उत्तर एवढेच असे, की पंप उत्तम आहे, विहीर तपासावी.

याशिवाय त्यांच्याकडे आणखी एक काम होते. नेमणुकीच्या पत्रात त्याचा उल्लेख नव्हता. कंपनीची देशभक्ती तेच सांभाळत. त्यासाठी एक जाड फाईल होती आणि तिच्यावर टोकेकरांच्या सुवाच्य अक्षरात ‘शुभेच्छा : राष्ट्रीय व इतर’ असे लिहिले होते. सव्वीस जानेवारी, एक मे आणि पंधरा ऑगस्ट हे राष्ट्रीय. दसरा, दिवाळी आणि मंत्र्यांची नेमणूक हे इतर.

टोकेकर मूळचे नेवाशाकडचे. वडील भिक्षुकी करीत. बेचाळीस साली गावातली चार मुले तुरुंगात गेली, तेव्हा टोकेकर विषमज्वराने अंथरुणावर होते. पुढे एकदोघांनी त्यांना सुचवले, की तापाचे तेवढे सोडून द्यावे आणि तुरुंगाचे लिहावे, स्वातंत्र्यसैनिकाचा दाखला मिळून जातो. टोकेकरांनी तापाचे सोडले नाही. देशासाठी आपण काहीही केलेले नाही, हे त्यांना स्वच्छ माहीत होते, आणि एवढे स्वच्छ माहीत असलेला माणूस शुभेच्छांच्या फाईलवर बसवावा, हा कंपनीच्या कारभारातला एक विनोद होता. तो कोणाच्या लक्षात आला नाही.

कंपनी छप्पन साली एका पत्र्याच्या शेडमध्ये सुरू झाली. पहिली काही वर्षे पंधरा ऑगस्टला आवारात बांबूवर झेंडा लागे, लेथवरचा सर्वांत म्हातारा कामगार दोरी ओढी, सगळ्यांच्या हातावर लिमलेटच्या गोळ्या पडत आणि माणसे सुट्टी घेऊन घरी जात. देश स्वतंत्र झाल्याचे कंपनीला ठाऊक आहे, हे लोकांना कळवण्याची गरज तेव्हा कोणाला वाटत नव्हती.

ती गरज बासष्ट साली वाटली. लढाई सुरू होती आणि नगरच्या दैनिकात एका तेल गिरणीवाल्याने दोन इंचांची चौकट देऊन देशाला शुभेच्छा दिल्या होत्या. कंपनीचे मालक आप्पासाहेब श्रीगोंद्याकडचे बागायतदार, मोकळ्या स्वभावाचे. ते पेपर घेऊन टोकेकरांच्या टेबलापाशी आले.

“काय हो टोकेकर, त्या तेलवाल्याला देश आहे, आपल्याला नाही का?”

त्या वर्षी कंपनीने तीन इंच शुभेच्छा दिल्या. पुढच्या वर्षी तेलवाल्याने चार दिल्या. पासष्टला पाव पान झाले, सदुसष्टला अर्धे. दैनिकासाठी जाहिराती गोळा करणारा माणूस हुशार होता. तो एका दुकानात दुसऱ्या दुकानदाराचे मोजमाप सांगे. एका कापडवाल्याने एकदा जानेवारीत शुभेच्छा छापल्या नाहीत, कारण त्याची आई वारली होती. गिऱ्हाइके त्याला आठवडाभर विचारीत होती, “काय शेठ, यंदा देशावर राग का?” पुढच्या वर्षी त्याने पाव पान दिले आणि खाली बारीक टाइपात आईच्या वर्षश्राद्धाचेही छापून घेतले.

टोकेकरांनी या बाबतीत आपले मत एकदाच सांगितले होते. “आप्पासाहेब, सुट्टी द्यावी, झेंडा लावावा, उभं राहावं. एवढं पुरे आहे. छापलं की तो नमस्कार राहत नाही, दुकानाची पाटी होते.”

आप्पासाहेब हसले होते. “तुम्ही देवाला मनातल्या मनात हात जोडता, ते ठीक आहे. पण देवळाला फरशी दिली की तिच्यावर नाव कोरावंच लागतं. नाहीतर दिली कोणी, हे कळणार कसं?”

अशा नावांवर लोक पाय देऊन आत जातात, हे टोकेकरांच्या ओठांपर्यंत आले होते. ते त्यांनी गिळले. गिळण्याची त्यांना सवय होती. पत्रव्यवहार विभागात ती लागतेच.

बहात्तर साल उजाडले ते कोरडे. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे पुरी होत होती आणि विहिरींना तळ दिसत होता. सरकारने गावोगाव खडी फोडण्याची कामे काढली होती. पंप कोणी घेईना. ज्या विहिरीत पाणीच नाही, तिच्यावर बसवण्याच्या पंपाची जाहिरात करण्यात अर्थ नव्हता. देशाची मात्र करता येत होती. आप्पासाहेबांनी पुण्याहून एक सल्लागार आणला. सल्लागार सिगारेट ओढत नकाशा पाहावा तसा जिल्हा पाहत होता.

“पूर्ण पान घ्या,” तो म्हणाला. “पण नुसता झेंडा नको. झेंडा सगळेच देतात. मनाला भिडणारं काहीतरी हवं. गेल्या डिसेंबरच्या लढाईत जिल्ह्यातला कोणी गेला का?”

गेले होते. यादी काढली, त्यात सोनईच्या पलीकडच्या एका वस्तीवरचा कानिफनाथ येळवंडे निघाला. वय चोवीस, अविवाहित, वडील लहानपणीच वारलेले, मागे एकटी आई. सल्लागाराने ‘एकटी आई’ या शब्दांखाली रेघ मारली.

“फोटो आणायला टोकेकरांना पाठवा,” आप्पासाहेब म्हणाले. “त्यांच्या तोंडाकडे बघून कोणी नाही म्हणत नाही.”

ऑगस्टच्या चार तारखेला टोकेकर एस.टी.ने सोनईला उतरले आणि दोन मैल चालत गेले. राहीबाई घरी नव्हत्या. रस्त्याच्या कामावर दगडांच्या ढिगापाशी बसून त्या खडी फोडत होत्या. पायांना चिंध्या गुंडाळलेल्या, डोक्यावरचा पदर धुळीने पांढरा झालेला. दुपारच्या सुट्टीपर्यंत टोकेकर बाभळीखाली थांबले आणि मग त्यांच्याबरोबर घरी गेले.

भिंतीवर एकच फोटो होता. एकोणसत्तरच्या दिवाळीत कानिफनाथ रजेवर आला होता, तेव्हा आईला सोनईच्या स्टुडिओत घेऊन गेला होता. राहीबाई खुर्चीवर बसलेल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर, शिक्षा ऐकत असल्यासारख्या. तो शेजारी उभा, पांढरा सदरा, पायजमा, आणि एक हात आईच्या खांद्यावर. मागे पडद्यावर रंगवलेले तळे आणि दोन राजहंस.

“मिलिट्रीच्या कपड्यांतला नाही का?” टोकेकरांनी विचारले. सल्लागाराने तेवढे विचारायला सांगितले होते.

“त्यो म्हनत हुता, युनिफारम घालतो. म्याच म्हनलं, नगं. त्या कापडांत तू लोकाचा दिसतूस. माझा दिसंल असा काढ फोटू.” राहीबाईंनी पदराने काच पुसली. “त्याची पेटी आली, भाऊसाहेब. त्यो न्हाई आला. तिकडंच जाळला म्हनं. येवढंच हाय माझ्यापाशी.”

टोकेकरांनी सगळे समजावून सांगितले. पंधरा ऑगस्टला पेपरात येईल, जिल्हाभर लोक पाहतील, कंपनी सत्कार करणार आहे. राहीबाईंना पेपराचे काही वाटले नाही. त्यांनी एकच विचारले, “माघारी देचाल?”

“वीस तारखेच्या आत मी स्वतः आणून देतो.”

त्यांनी खिशातून कागद काढून ‘फोटो एक, परत करण्याच्या बोलीवर मिळाला’ अशी पावती लिहिली आणि खाली सही केली. राहीबाई म्हणाल्या, “कागुद कशाला? तुमी बोललात न्हवं?” तरीही टोकेकरांनी पावती दिली. कारकून माणूस, शब्दावर त्याचा विश्वास बसत नाही, स्वतःच्याही.

पंधरा ऑगस्टच्या सकाळी पेपर आला. टोकेकर आंघोळीला गेले होते, म्हणून त्यांच्या पत्नीने, प्रेमलाबाईंनी तो आधी उघडला. टोकेकर बाहेर आले तेव्हा त्या पेपर पसरून बसल्या होत्या आणि चहा तसाच होता.

“अहो, हे तुम्ही लिहिलंत?”

टोकेकरांनी लिहिले होते ते असे: ‘स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी जिल्ह्याचे सुपुत्र कै. कानिफनाथ येळवंडे यांस आदरांजली.’ छापले होते ते दुसरेच. वर झेंडा. तो एकाच शाईत छापलेला असल्यामुळे तीन छटांचा राखाडी झाला होता. मध्ये आप्पासाहेब, फेटा बांधलेले. त्यांच्या खाली, आकाराने निम्मा, कानिफनाथ. आणि दोघांच्या मध्ये पाच हॉर्सपॉवरचा पंप, त्यातून पाण्याची धार. खाली मोठ्या टाइपात:

‘त्याने दिले रक्त. आम्ही देतो पाणी.’

कानिफनाथच्या अंगावर गणवेश होता. खांद्यावर पट्ट्या, छातीवर बिल्ले. ते कोणते, हे बिल्ले काढणाऱ्यालाही सांगता आले नसते. पुण्याच्या चित्रकाराने सदऱ्यावरून लष्कर रंगवले होते. मिशाही जाड केल्या होत्या. त्याच्या शेजारी कोणीच नव्हते.

“काय हे घाण,” प्रेमलाबाई म्हणाल्या. त्या हळू बोलणाऱ्या बाई. “मेलेल्या पोराच्या हातात बादली द्यायची तेवढी राहिलीय.”

टोकेकरांनी चहा घेतला नाही.  ते तसेच कंपनीत गेले, कारण दहा वाजता समारंभ होता आणि खुर्च्यांची यादी त्यांच्याकडे होती.

राहीबाईंना कंपनीच्या जीपने आणले होते. झेंडावंदन झाले, आप्पासाहेबांचे भाषण झाले. त्यात देश सात वेळा आणि कंपनी एकोणीस वेळा आली. मग राहीबाईंना लुगडे आणि नारळ देण्यात आला. विधवा बाईची ओटी भरावी की नुसता नारळ हातात द्यावा, यावर व्यासपीठावर थोडी कुजबुज झाली आणि नारळ टेबलावर ठेवून त्यांनी तो उचलावा, असे ठरले. शेवटी सल्लागाराने लाल कागदात गुंडाळलेली मोठी चौकट आणली. आप्पासाहेबांनी कागद काढला. जाहिरातीचे पूर्ण पान काचेत बसवलेले होते, पंपासकट.

राहीबाई बराच वेळ पाहत राहिल्या. ध्वनिक्षेपक त्यांच्या तोंडाजवळच होता.

“ह्यो कोन?”

“अहो, तुमचा कानिफनाथ!” आप्पासाहेब प्रेमाने म्हणाले. “ओळखलं नाही? पेपरात आल्यावर माणूस रुबाबदार दिसतो.”

“ह्याला ही कापडं कुनी घातली?” राहीबाईंचा आवाज आवारभर गेला. “आन् मी हुते न्हवं हितं, खुर्चीवर? मी कुठं गेले?”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगांत नीट ऐकू जात नव्हते, आणि वीरमाता माईकवर काही बोलल्या म्हणजे टाळ्या वाजवायच्या, एवढे सगळ्यांना कळत होते. पुढच्या रांगेत ऐकू गेले होते. त्यांनीही वाजवल्या.  जीपने राहीबाईंना आणि चौकटीला परत पोहोचवले.

टोकेकरांनी सल्लागाराला जिन्याखाली गाठले. “फोटो द्या.”

सल्लागाराने बॅगेतून पाकीट काढले. आत फोटो होता. म्हणजे फोटोचा एक भाग होता. मूळ प्रतीवरच रंग चढवलेला, आणि कडेने कापलेला. खुर्ची, आई, राजहंस, सगळे गेले होते.

“मूळ फोटोवर रंग लावला?” टोकेकर म्हणाले. “कापला? कॉपी काढून घ्यायची होती.”

“कॉपीला दोन दिवस लागले असते. पंधरा ऑगस्ट आपल्यासाठी सतराला येणार होता का?” सल्लागार म्हणाला. “आणि फोटोबरोबरच्या तुमच्या पत्रात कॉपीचं काही नव्हतं. ‘फोटो एक, काम झाल्यावर परत करावा’ एवढंच होतं. हा घ्या, एक.”

“उरलेला तुकडा?”

“तुकडे कोण ठेवतं साहेब?”

हे खरे होते. पत्रात कॉपीचे काही नव्हते. सोळा वर्षे पत्रे लिहिणाऱ्या माणसाने परत काय करावे ते लिहिले होते, परत कशा स्थितीत करावे ते लिहिले नव्हते. पंप परत मागवताना ते नेहमी ‘सुस्थितीत’ हा शब्द घालीत. माणसाच्या बाबतीत तो सुचला नाही.

टोकेकरांनी तीन दिवसांची रजा काढली. पुण्याला जाऊन त्यांनी छपाईचे ब्लॉक करणाऱ्याच्या दुकानातली कचऱ्याची पोती उपसली. दुकानदाराने त्यांना वेडा समजून पाणी विचारले. मग ते सोनईच्या स्टुडिओत गेले. फोटोग्राफर म्हणाला, “दोन वर्षांच्या वरच्या निगेटिव्ह ठेवत नाही. भंगारवाला घेऊन जातो, त्यातनं चांदी निघते म्हणे.”

शनिवारी प्रेमलाबाईंनी कापसाचा बोळा पाण्यात बुडवून, घट्ट पिळून रंगावरून फिरवायला सुरुवात केली. एकेक बिल्ला निघाला. खांद्यावरच्या पट्ट्या निघाल्या. खालून पांढरा सदरा आला, वरचे बटण उघडे. मिशा पुन्हा पातळ झाल्या. दोन तासांनी बावीस वर्षांचा एक साधा मुलगा त्या कागदावर उभा राहिला. त्याचा उजवा हात मनगटापर्यंतच होता. पुढचा पंजा आईच्या खांद्यावर होता, आणि तो आईबरोबर कचऱ्यात गेला होता.

वीस तारखेला, रविवारी, टोकेकरांनी तो फोटो राहीबाईंच्या हातात दिला. काम चालू होते. त्या ढिगापाशीच बसल्या होत्या. त्यांनी हात लुगड्याला पुसून फोटो घेतला, जवळ धरला, लांब धरला.

“हात?”

“कापला गेला,” टोकेकर म्हणाले. “चूक माझी आहे. मी लिहायला पाहिजे होतं.”

राहीबाई फोटोकडेच पाहत होत्या. “त्याच्या सायबाचं पत्र आलं हुतं. छातीत गोळी लागली म्हनून लिवलंय त्यात. हाताचं कायबी न्हाई. हात शाबूत हुता त्याचा तिकडं. त्यो तुमच्या नगरात गेला.”

 पत्र पोहोचले, मजकूर समजला, एवढेच टोकेकरांना यावर म्हणता आले असते.

शेजारच्या ढिगावरून छबूबाई नावाची बाई मान वर करून ऐकत होती. ती म्हणाली, “आवो, ह्यास्नी इचारा की. गावात काय बोलत्यात ते सांगा की राहीबाई.”

“काय बोलतात?”

“म्हनत्यात, राहीबाईनं पोराच्या फोटूवर पान्याची मोटार घेतली. कंपनीनं फुकाट दिली. परवा दोघं येऊन हिर बघून गेले, मोटार कुठं बसवली म्हनून.” छबूबाई दगडावर थुंकली. “कोरडी हाय हिर. तळाला पालापाचोळा. त्यात मोटार शोधत हुते, मुडदे.”

राहीबाईंनी फोटो पोलक्यात ठेवला. “भाऊसाहेब, एकच सांगा. त्यो आनखी पेपरात येनार का?”

टोकेकर खोटे बोलू शकले असते. “ठसा केलेला आहे,” ते म्हणाले. “लाकडावर जस्ताचा पत्रा असतो, त्यावर तो कोरलेला. त्यावरून कितीदाही छापता येतं.”

“मंजी दर साली?”

“मालकांच्या मनात आलं तर दर साली.”

“मग त्यो ठसा आना मला,” राहीबाई म्हणाल्या. “फोटूचं काय झालं ते झालं. पर त्याला बाजारात बसवू नगा.”

कंपनीत अशा ठशांचे, म्हणजे ब्लॉकांचे, एक कपाट होते आणि त्याची किल्ली टोकेकरांकडे असे. तीन हॉर्सपॉवर, पाच हॉर्सपॉवर, आप्पासाहेब फेट्यात, आप्पासाहेब टोपीत, गणपती, झेंडा. चौदा नंबरला आता कानिफनाथ होता. पेपरवाल्याने कागदात गुंडाळून परत पाठवलेला. टोकेकरांनी चार महिने तो तसाच राहू दिला. आप्पासाहेब वाईट माणूस नाहीत, विसरतील, असे त्यांना वाटत होते. कंपनीत कोणीतरी कोणाला तरी विसरते, या भरवशावर बहुतेक कारकुनांचे दिवस जातात.

जानेवारीत आप्पासाहेबांनी त्यांना बोलावले.

“टोकेकर, सव्वीस जानेवारीचं बघा. यंदा अर्धं पान. तोच जवान लावा, लोकांना आवडला होता. बायका रडल्या म्हणे पेपर बघून. ब्लॉकचा खर्च एकदा झालाय, आता नुसता लावायचा. पुढं एक मेलाही चालेल.”

“आप्पासाहेब, त्याच्या आईची इच्छा नाही.”

“तिचा सत्कार केला की आपण!”

“गावात लोक तिला नावं ठेवतात. तिनं मोटार घेतली म्हणतात.”

“मग देऊन टाकू एक मोटार,” आप्पासाहेब मनापासून म्हणाले. “तीन हॉर्सपॉवरची. तसाही माल पडून आहे. देतानाचा फोटो काढू.”

टोकेकर बाहेर आले. याच माणसाने गेल्या साली एका कामगाराच्या मुलीच्या लग्नाला स्वतःची जीप दिली होती आणि कोणाला सांगितले नव्हते. तेच आप्पासाहेब पेपराचे पान समोर आले की असे होत. टोकेकरांना त्यांचा राग येईना. किळस मात्र येत होती, आणि दहा वर्षे त्या फाईलवर सुवाच्य अक्षरात नाव लिहिणाऱ्याचीही येत होती.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी कपाट उघडले. कंपनीतला टिपकागदसुद्धा त्यांनी कधी घरी नेला नव्हता. ब्लॉक पिशवीत घातला आणि ब्लॉकांच्या वहीत चौदा नंबरपुढे लिहिले: ‘ज्यांचा त्यांना परत.’ तारीख घातली, सही केली. चोरी करतानाही नोंद केल्याशिवाय त्यांना राहवले नाही.

रविवारी बायका कामावर होत्या. राहीबाईंनी ब्लॉक हातात घेऊन उन्हाकडे तिरपा केला. जस्तावर ठिपक्याठिपक्यांचा कानिफनाथ होता, गणवेशातला.

“उलटा हाय ह्यो.”

“छापल्यावर सुलटा होतो.”

“व्हय,” राहीबाई म्हणाल्या. “छापल्याबिगर न्हाई व्हायाचा.”

त्यांनी तो समोरच्या काळ्या दगडावर ठेवला आणि हातोडी उचलली. पहिल्या घावाला लाकूड फुटले. दुसऱ्याला पत्रा सुटून वाकला. जस्त मऊ असते, त्याचा आवाजही फारसा झाला नाही. पाचसहा घावांनंतर त्यावर कोण होते ते ओळखता येईना. छबूबाईने तो मुरगळलेला पत्रा उचलून खडीच्या पाटीत टाकला. खडी रस्त्यावर गेली.

“बसा जरा, भाऊसाहेब,” राहीबाई म्हणाल्या.

टोकेकर बसले.  मग मुकादम इकडे पाहू लागला, तेव्हा राहीबाईंनी पुढचा दगड ओढला आणि टोकेकर एस.टी. गाठायला उठले.

सोमवारी वही आप्पासाहेबांच्या टेबलावर होती.

“ज्यांचा त्यांना? टोकेकर, ब्लॉक कंपनीचा. पैसे मी भरलेत.”

“हो.”

“मग कोणाला दिलात?”

“त्याच्या आईला.”

“तिनं काय केलं त्याचं?”

“खडी.”

आप्पासाहेबांना आधी कळले नाही. कळल्यावर ते लाल झाले. “तुम्हाला काढून टाकता येईल मला. चोरी आहे ही.”

“येईल,” टोकेकर म्हणाले. “पत्र मी लिहून आणू का?”

आप्पासाहेबांनी काढले नाही. पंधरा ऑगस्टच्या वीरमातेचे नाव त्या पत्रात आले असते, आणि ते दैनिकापर्यंत गेले असते. टोकेकरांची बदली स्टोअरमध्ये झाली. तिथे नटबोल्ट मोजायचे असतात आणि त्यांना कोणी शुभेच्छा देत नाही. फाईल एका तरुण बी.कॉम.कडे गेली. त्याने पहिल्याच दिवशी तिच्यावर नवे कव्हर चढवले.

सव्वीस जानेवारीची जाहिरात अर्ध्या पानाची निघाली. जवानाची जागा रिकामी राहिली होती, म्हणून आप्पासाहेबांचा फोटो वाढवण्यात आला. खाली होते, ‘ज्ञात-अज्ञात वीरांना आमचे अभिवादन.’ त्याखाली पंपाची किंमत.

सकाळी आवारात झेंडावंदन होते. टोकेकर गेले. मागे, लेथवाल्यांच्या रांगेत उभे राहिले. सल्लागाराने पुण्याहून फोटोग्राफर आणला होता. आप्पासाहेबांनी दोरी ओढायला सुरुवात केली, तेवढ्यात फोटोग्राफर ओरडला, “साहेब, थांबा, थांबा! फ्लॅशचा बल्ब पेटला नाही.” आप्पासाहेब थांबले. हातात दोरी, मान कॅमेऱ्याकडे, चेहऱ्यावर अभिमान. फोटोग्राफर दुसरा बल्ब बसवू लागला. तो बसेना. झेंडा अर्ध्या काठीवर लटकत राहिला.

अर्ध्यावरचा झेंडा कशासाठी असतो, हे त्या आवारात फार लोकांना माहीत नव्हते. टोकेकरांना होते. ती दोन मिनिटे ते सावधान उभे राहिले. बल्ब पेटला, झेंडा वर गेला, लोक राष्ट्रगीत म्हणू लागले.